बदल मागे घेत आहोत

सकाळी कॉम्प्युटर लावला तेव्हा स्क्रीनवर दुकान नव्हतं. एरवी असायचं. काउंटरची काच, काचेवर पोट उघडून ठेवलेलं मनगटी घड्याळ, शेजारी डोळ्याला लावायचं भिंग आणि मागे रिकामं स्टूल. तो कोपऱ्यावर चहा प्यायला गेला असताना बायकोने काढलेला फोटो होता. तो स्वतः त्यात नव्हता, पण स्टुलाची गादी बसून बसून मधोमध दबलेली होती, त्यामुळे असल्यासारखाच होता. आज त्या जागी नुसता काळा रंग होता, आणि खाली उजव्या बाजूला फिक्या अक्षरांत लिहिलं होतं की ही प्रत सक्रिय केलेली नाही, सक्रिय करा. त्याने चष्मा पुसला, परत वाचलं, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. वाईट वाटलं नाही. हल्ली वाटत नसे. दात काढायला डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, चावला गेला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. सुई उतरायची वेळ केव्हाच होऊन गेली होती, आणि ती उतरत नव्हती.

कॉम्प्युटर बायकोचा. आतल्या खोलीत, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर. ती टायपिंगची कामं घ्यायची. कुणाचा अर्ज, कुणाचा प्रबंध, इमारतीतल्या पाणी बंदच्या नोटिसा. सकाळी तो स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायचा तेव्हा आतून आधी बटणाचा खटका ऐकू यायचा, मग पंख्याची घरघर. ती गेल्यावरही तो रोज त्याच वेळेला कॉम्प्युटर लावत होता. काही काम नसायचं. सुरुवातीला एक काळी पाटी यायची, तिच्यावर इंग्रजीत दोन ओळी असायच्या, एक बटण दाबलं की ती पुढे सरकायची. बायको दाबायची, म्हणून तोही दाबायचा. मग दुकान यायचं. चहा संपेपर्यंत तो दुकानासमोर बसायचा आणि कप विसळायला उठायचा. झोपण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करायचा. तोही तिचाच नियम. "बटण चालू राहिलं की वीज झिरपत राहते," असं ती म्हणायची, जशी काही वीज म्हणजे नळाचं पाणी.

तसा कॉम्प्युटर ती गेल्यापासूनच बिघडला होता. काहीही उघडायला जावं तर 'जोडणी सुरक्षित नाही' असं यायचं. मुलगी दूर दुसऱ्या शहरात. आधी दर रविवारी तिचा चेहरा या स्क्रीनवर यायचा, तो यायचा बंद झाला. त्याला यात काही विशेष वाटलं नाही. खिडकीतल्या कुंड्या वाळल्या, न्हाणीघराचा नळ गळायला लागला, तसा कॉम्प्युटरही. खाली कोपऱ्यात वेळ दिसायची, तीही चुकीची. रोज सकाळी बारा वाजलेले असायचे. पण त्या घरात चुकीच्या वेळेला कोण विचारतो? त्याने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. गल्लीत त्याला नावाने कुणी ओळखत नव्हतं, घड्याळवाले म्हणूनच ओळखायचे. आणि घरात एक घड्याळ धड चालत नव्हतं. गिऱ्हाइकं सोडवायला आली नाहीत ती घड्याळं त्याने दुकान विकताना घरी आणली होती आणि जागा मिळेल तिथे टांगली होती. दिवाणखान्यात सव्वाचार, स्वयंपाकघरात पावणेअकरा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायको कधी बोलली नाही. फक्त सकाळी, आधण उकळत असताना, आतून तिचा आवाज यायचा, "अहो, आज तारीख काय?"

रोज. तो सांगायचा. कधी कंटाळून म्हणायचा, "समोर भिंतीवर कॅलेंडर आहे." ती म्हणायची, "असू दे. तुम्ही सांगा. वेळ तर तुमच्या घरात मिळत नाही, निदान तारीख तरी मिळू दे." तो तारीख सांगायचा आणि आतून टकटक ऐकू यायची. काही माणसांना तपकीर लागते, काहींना तंबाखू, तशी हिला सकाळी तारीख लागते, असं तो समजून चालला होता.

आज मात्र तो कप विसळायला उठला नाही. कॉम्प्युटरने 'अपडेट करा' असं सुचवलं होतं, ते दाबलं. एक चक्र फिरायला लागलं. खाली टक्के चढू लागले. थोडे चढायचे, थांबायचे, परत चढायचे. असं बसायची त्याला सवय होती. हॉस्पिटलात बायकोच्या खाटेशेजारी एक यंत्र होतं, त्यावरही आकडे चढायचे उतरायचे, आणि तो त्यांच्याकडे बघत बसायचा, जणू बघणारा कुणी असला की आकडे शिस्तीत वागतात. तिथेही त्याला यंत्राचा आवाज ऐकू येत होता. आत कुठेतरी एक कंडेन्सर सैल आहे, हे त्याने दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. बायकोच्या आत काय सैल आहे, ते मात्र डॉक्टरने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरने तिला विचारलं होतं, "मावशी, आज तारीख काय, सांगा बरं?" तिने उशीवरच मान फिरवून नवऱ्याकडे बघितलं. "अहो, तारीख काय आज?" त्याने सांगितली. डॉक्टर म्हणाला, "तुम्ही नका सांगू, त्यांनी सांगू दे." ती परत त्याच्याकडेच बघत राहिली, थोडंसं हसली. बाहेर व्हरांड्यात डॉक्टर म्हणाला, मेंदूवर परिणाम सुरू झालाय, आता असंच होणार. त्याला ते पटलं. त्याने मनात हिशोब लावला की परिणाम खरं तर फार आधीपासून सुरू होता, घरी असल्यापासून, आपल्यालाच कळलं नाही.

टक्के शंभराजवळ गेले. स्क्रीन निळी झाली. मग अक्षरं आली: 'अपडेट पूर्ण करता आलं नाही. बदल मागे घेत आहोत. कॉम्प्युटर बंद करू नका.' त्याने बंद केला नाही. बदल मागे जाताना तो बघत बसला. खुर्चीची पाठ पाठीला टोचत होती, पाय बधिर झाला होता, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती लागत नव्हती. बदल मागे घेत आहोत. किती मागे, ते लिहिलं नव्हतं. सगळे मागे घेऊन झाल्यावर कॉम्प्युटर परत सुरू झाला, काळी पाटी आली, तिच्यामागून काळी स्क्रीन आली, आणि बारा वाजलेले होते. चहा गार झाला होता. त्याने तो तसाच प्यायला.

दुपारी मुलीचा फोन आला. घरातलं तिचं नाव ठमी. लहानपणी ती खरंच ठमी होती, आता एका कचेरीत दहा माणसांवर हुकूम सोडते, पण फोनवर ठमीच.

"बाबा, अपडेट मारलं का? मागच्या वेळी सांगितलं होतं मी."

"मारलं."

"मग?"

"ते उलटं मारतंय. स्क्रीन काळी."

ठमी हसली, पण थोडंच. "आता स्क्रीनही काळी झाली? मग गेलाच तो. बाबा, मी काय म्हणते, फेकून द्या ते डबडं. मी नवा पाठवते. नवा आणणारा माणूस जुना घेऊन जातो, जिन्यावरून उतरवायचीही कटकट नाही."

"चालू आहे की. पंखा फिरतो."

"पंखा फिरायला काय, पंखा घ्या मग. इथे मला तुमचा चेहरा दिसत नाही. फोनवर तुम्ही हो नाही एवढंच बोलता. जेवता का, झोपता का, कळायला नको?"

"जेवतो."

"बघा. एका शब्दात." तिने श्वास सोडला. "हे बघा, रविवारपर्यंत वेळ देते. रविवारी त्याच्यावर तुमचा चेहरा दिसला तर राहू दे. नाही दिसला तर सोमवारी मी नवा मागवणार, आणि मग तुमचं काही ऐकणार नाही. आईचं मी ऐकायची कारण ती भांडायची. तुम्ही भांडतही नाही."

तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला तो कॉम्प्युटर जाऊ द्यायचा नाही. का, ते कळेना. त्यात तिचं असं काय होतं? लोकांचे प्रबंध होते. लोकांच्या नोटिसा होत्या. ती स्वतःचं एक अक्षर लिहीत नसे. कीबोर्डवर मात्र काही बटणांवरची अक्षरं तिच्या बोटांनी पुसून गेली होती, आणि ती कोणती, हे त्याला न बघता सांगता आलं असतं. ओढ म्हणावी तर तेवढीही नव्हती. पण एखादं घड्याळ गिऱ्हाइकाने 'टाकून द्या' म्हटलं तरी त्याचा हात केराच्या डब्याकडे जात नसे. ते खणात पडून राहायचं. तसंच हे असावं.

दुसऱ्या दिवशी त्याने मदतीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाद्यं वाजली. मग एक माणूस आला, तो एका दमात बोलायचा, मध्ये श्वास घ्यायचा आणि परत बोलायचा.

"काका, एरर कोड सांगा."

त्याने स्क्रीनला नाक लावून वाचलं. "शून्य. एक्स. आठ. दोन शून्य. सात. दोन. एफ. आठ. परत एफ."

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"बायकोच्या."

"त्यांना द्या फोन. मालकाशीच बोलावं लागतं."

"ती नाही."

"मग त्या आल्या की करा परत फोन."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडच्याला घाई असावी, किंवा दया आली असावी. म्हणाला, "किंवा मग सरळ सगळं साफ करून टाका काका. रिसेट. म्हणजे कॉम्प्युटर पहिल्यासारखा होईल."

"पहिल्यासारखा म्हणजे कधीसारखा?"

"म्हणजे दुकानातून आणला तेव्हासारखा. आतलं काही राहणार नाही. बटण मी दाखवतो, दाबू या?"

"नको," तो म्हणाला. आपण इतक्या लवकर नको म्हटलेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं. "थांबा थोडं," असंही तो म्हणाला, आणि थांबायचं सोडून त्यानेच फोन ठेवला. हाताला घाम आला होता. घाम बघून त्याला नवल वाटलं, कारण आत काहीच झालं नव्हतं. घड्याळाचा काटा हलतो आणि टिकटिक ऐकू येत नाही, असा प्रकार.

मग शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी त्याने परत फोन लावला. या वेळी एक बाई होती, तिला सर्दी झाली होती, प्रत्येक वाक्यानंतर ती नाक ओढायची आणि माफ करा म्हणायची. तिने खातं कुणाचं ते विचारलं नाही. कोड ऐकल्याबरोबर म्हणाली, "काका, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

"तारीख नाही दिसत. वेळ दिसते."

"वेळ काय?"

"बारा वाजून गेलेत."

"आत्ता सकाळ आहे काका."

"आमच्याकडे वेळेचं तसंच आहे," तो म्हणाला. "घरात एकही घड्याळ बरोबर नाही. त्यातलं हे एक."

बाई हसली, खोकली, माफ करा म्हणाली. "त्या वेळेवर बाण न्या आणि क्लिक करा. काय येतंय?"

त्याने क्लिक केलं. तारखांचा एक चौकोन उघडला. एक जानेवारी. आणि वर्ष वाचून तो थांबला. फार जुनं वर्ष होतं, कॉम्प्युटर घ्यायच्याही आधीचं. त्या वर्षी दुकान होतं. ठमी घरात होती आणि न्हाणीघर अडवून बसायची. बायको रात्री पाठ दुखते म्हणायची आणि ते नुसतं पाठ दुखणंच होतं. त्याने वर्ष बाईला वाचून दाखवलं.

"मग बरोबर आहे," बाई म्हणाली. "तुमचा कॉम्प्युटर त्या वर्षात आहे आणि बाकी सगळे इथे आहेत. तो लायसन्स दाखवतो, समोरचा म्हणतो ही तारीख आमच्याकडे नाही. म्हणून अपडेट नाही, ॲक्टिव्हेशन नाही, काही उघडत नाही. आजची तारीख हाताने घाला आणि परत प्रयत्न करा. मी थांबते."

त्याने आजची तारीख घातली. एक खण डावीकडे, एक खण उजवीकडे, वर्ष बरंच वर न्यावं लागलं. 'सक्रिय करा' दाबलं. चक्र थोडं फिरलं, आणि कसलाही आवाज न होता काळ्या रंगाच्या जागी दुकान आलं. काच, भिंग, स्टूल. गादी दबलेली.

"झालं?"

"झालं."

"अपडेटही होईल आता. पण काका, रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का?"

"करतो."

"मग उद्या परत मागे जाईल. त्याच्यात एक सेल असतो, वीज नसली की तोच तारीख धरून ठेवतो. तो गेलाय. बटणासारखा असतो, गोल, चपटा..."

"मला माहीत आहे कसा असतो," तो म्हणाला.

बाईने नाक ओढलं. तो इतक्या हळू बोलला होता की तिला वाटलं, लाइन गेली. "काका? सुरू करताना काळ्या स्क्रीनवर काही येत असेल बघा, वाचत नाही का तुम्ही ते?"

अपडेट या वेळी पूर्ण झालं. काही मागे घेतलं गेलं नाही. त्याने कॉम्प्युटर बंद केला, भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडं थांबून दोन्ही परत लावली, आणि काळी पाटी आल्यावर कोणतंही बटण न दाबता भिंगाने दोन ओळी वाचल्या. इंग्रजी त्याला घड्याळाच्या तबकडीवर असतं तेवढं येत होतं, पण तेवढं पुरलं. आतला सेल संपला आहे. तारीख आणि वेळ लावा.

त्याने पाठीमागचे स्क्रू काढले, पत्रा उतरवला. जन्मभर हेच केलं होतं, हात आपोआप चालत होते. आत धूळ होती, राखाडी, लोकरीसारखी, आणि धुळीत तो सेल. चिमट्याने उचलून मीटरवर धरला. काटा जागचा हलला नाही. नुकत्याच संपलेल्या सेलचा काटा थोडा तरी थरथरतो. हा वर्षानुवर्षं मेलेला होता. कडेला पांढरा क्षार फुलून सुकून गेला होता. आणि टेबलाला लागूनच, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ, त्याचा खण होता, ज्यात दुकानातून आणलेले असेच सेल पाकिटात पडून होते. कितीएक लोकांना त्याने असे सेल बसवून दिले होते. बसवून, काच पुसून, "घ्या, आता चिंता नाही" असं म्हणून.

म्हणजे बायको रोज सकाळी ही पाटी वाचत होती. ती नुसती वाचणारी नव्हती, दुसऱ्याच्या प्रबंधातला एक स्वल्पविराम चुकला तरी तिला खुपायचा. सेल संपला आहे, हे तिने रोज वाचलं, आणि तो बदलणारा माणूस चार पावलांवर चहा करत होता. सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम. तिने सांगितलं नाही. बटण दाबून पाटी पुढे सरकवायची, जानेवारीतून बाहेर यायचं, आणि विचारायचं, अहो, आज तारीख काय? भिंतीवर कॅलेंडर असताना. त्याने समजुतीसाठी काही कारणं शोधून पाहिली. विसरली असेल. मला त्रास नको म्हणून. यातलं कुठलंच तिच्या मापाचं नव्हतं. मग त्याने शोधणं सोडलं, कारण एक गोष्ट त्याला आठवली. काही दिवस असे जायचे की सकाळी सांगितलेल्या तारखेशिवाय तो दिवसभरात तिच्याशी दुसरं काहीच बोललेला नसायचा. भांडण नसायचं. सुचायचं नाही.

तो जमिनीवर बसून होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि उघड्या कॉम्प्युटरच्या धुळीवर पडलं होतं. गालावर काहीतरी चावल्यासारखं झालं. त्याने हात लावून बघितलं. काही नव्हतं.

रविवारी ठमी स्क्रीनवर आली. केस ओले होते, मागे जावई कपड्यांच्या घड्या घालत होते.

"अरे वा, दिसलात. बाबा, किती वाळलात तुम्ही. जेवता म्हणालात ना?"

"जेवतो. कमी जेवतो."

"दोन वाक्यं. सुधारणा आहे." मग ती जवळ आली. "कुणाला बोलावलं होतं? काय झालं होतं याला?"

"काही नाही. तारीख चुकली होती. आतला सेल गेलाय."

"आणि तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?" ठमी हसायला लागली. मागून जावयांनी विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "घड्याळवाल्यांच्या घरात सेल संपलाय." मग त्याला म्हणाली, "बदललात ना पण?"

नवा सेल कीबोर्डशेजारी ठेवला होता, पाकिटातून काढलेला, चकचकीत. जुना परत आत होता, आपल्या जागेवर. स्क्रू घट्ट पिळलेले.

"नाही."

"का? नाहीये का तुमच्याकडे?"

"आहे." त्याने नवा सेल उचलून तिला दाखवला आणि खाली ठेवला. "रोज सकाळी तारीख हाताने लावायची. मग चालतो दिवसभर."

"रोज? आईसारखं झालं तुमचं. कशाला पण?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, लहान, कुणाचाही असावा तसा. "तू सकाळी फोन करत जा," तो म्हणाला. "तारीख सांगायला."

"तारीख?" ठमीला कळेना. "बाबा, तुमच्या मोबाइलवर असते की तारीख. मोठ्या अक्षरांत करून दिलीय मी."

"असू दे," तो म्हणाला. "तू सांग."

जावयांनी घडी घालायचा शर्ट हातातच धरून ठेवला. स्वयंपाकघरात पावणेअकराच्या घड्याळाखाली चहाचं आधण उकळत होतं आणि ते ऊतू जाणार हे त्याला आवाजावरून कळत होतं, पण तो उठला नाही. मग ठमीने नाक ओढलं, शनिवारच्या त्या बाईसारखं, आणि त्याला आजची तारीख सांगितली. वारासकट.